‘ॲव्हरेज’ या शब्दाची उलटतपासणी

अर्धापूरला शिक्षकांच्या एका मेळाव्यासाठी गेलो होतो. मधल्या सुट्टीत दहावीतल्या एका मुलाने वर्तमानपत्राच्या वाहन-पुरवणीतले कात्रण आमच्यापुढे धरले. त्यात दोन आसनांची, कापडी टपाची लाल स्पोर्ट्स कार होती. “सर, टप उघडं टाकल्यावर हिचं ॲव्हरेज किती पडंल?” बाकीची मुले हसली. मेळाव्यातला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता, हे आम्हाला परतताना कळले.

आधी त्या कात्रणाविषयी. परीक्षणकर्त्याने चार रकाने खर्चून आसनांची शिवण, इंजिनाचा आवाज आणि रंगाची झळाळी वर्णिली होती. इंधनाच्या वाट्याला एकच ओळ आली होती: लीटरला 17.8 किलोमीटर. हे कोणत्या वेगाला? टप बंद असताना की उघडे? एसी चालू ठेवून की बंद करून? यावर एक अक्षर नाही. दशांश चिन्ह मात्र आहे. मोजमापाच्या अटी न सांगता दशांश स्थळ देणे याला आम्ही प्रयोगशाळेत अप्रामाणिकपणा म्हणतो. वाहन-पुरवणीत त्याला ‘तांत्रिक माहिती’ म्हणतात.

असे आकडे येतात कुठून? आपल्याकडे वाहनांची प्रमाणित चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी प्रमुख म्हणजे पुण्याची एआरएआय, स्थापना 1966. तिथे गाडी रस्त्यावर नव्हे, तर रोलरवर एका जागी चालवली जाते. ज्या चाचणीवर हे आकडे वर्षानुवर्षे बेतले गेले, तिचा ठरीव क्रम सुमारे 20 मिनिटांचा. तेवढ्यात गाडी साडेदहा किलोमीटर ‘धावते’. सरासरी वेग ताशी 32-33 किलोमीटर, कमाल 90, आणि एसी बंद. या चाचणीत खोटे काही नाही. दोन गाड्यांची एकाच अटीवर तुलना व्हावी एवढ्यासाठी ती आहे. तुलनेसाठी काढलेला आकडा गिऱ्हाइकाला वचन म्हणून छापणे, ही लबाडी नंतरची.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. हा हिशेब नववी-दहावीच्या वर्गात सहज करता येतो. गाडीचे वस्तुमान 1000 किलोग्रॅम धरू. चाकांच्या लोळण घर्षणाचा गुणांक 0.012 धरला, तर ते बल सुमारे 118 न्यूटन होते आणि वेगाबरोबर फारसे बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समोरून दिसणारे क्षेत्रफळ 1.8 चौरस मीटर, टप बंद असताना विरोध-गुणांक 0.35 आणि हवेची घनता घनमीटरला 1.2 किलोग्रॅम घेतली, तर ताशी 90 किलोमीटरला (सेकंदाला 25 मीटर) हवेचा विरोध 236 न्यूटन येतो. टप उघडले की हवा काचेवरून येऊन आसनांमागे भोवऱ्यांत अडकते आणि गुणांक वाढतो. तो 0.42 झाला असे समजू, म्हणजे विरोध सुमारे 283 न्यूटन. एकूण बल 354 वरून 401 न्यूटनवर गेले.

एका न्यूटनच्या विरोधात एक किलोमीटर जायला एक किलोज्यूल ऊर्जा लागते, त्यामुळे हेच आकडे दर किलोमीटरला लागणारे किलोज्यूलही झाले. लीटरभर पेट्रोलमध्ये सुमारे 32,000 किलोज्यूल असतात. त्यांतला पाचवा हिस्सा, 6400 किलोज्यूल, चाकांपर्यंत पोचतो असे मानू. उरलेली ऊर्जा मुख्यतः उष्णतेच्या रूपाने वाया जाते. भागाकार केला की उत्तर मिळते: टप बंद असताना लीटरला 18 किलोमीटर, उघडे असताना 16. ताशी 45 ला मात्र उघड्या टपाने एकूण विरोध जेमतेम 7 टक्के वाढतो. (कमी वेगाला इंजिनाची कार्यक्षमताही घसरते, म्हणून ‘पाचवा हिस्सा’ तिथे जसाच्या तसा लावू नये.)

एसीशी तुलना केली तर गंमत वाढते. एसी इंजिनाकडून दीड किलोवॉट घेतो असे धरा. ताशी 45 ला एक किलोमीटर जायला 80 सेकंद लागतात, म्हणजे 120 किलोज्यूल गेले. त्याच वेगाला उघडे टप फक्त 12 किलोज्यूल जादा खाते. ताशी 90 ला हे आकडे 60 आणि 47 होतात. आमच्या गृहीतांनुसार ताशी 97 च्या पुढे उघडे टप एसीपेक्षा महाग पडते. अर्थात अर्धापूरला वैशाखात, पारा 42 वर असताना, टप उघडून बसणाऱ्याला इंधनापेक्षा पाण्याचा हिशेब आधी करावा लागेल.

अशा गाड्या आपल्याला अगदीच परक्या नाहीत. 1998 साली सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म काढली होती. तिचे अंग फायबरग्लासचे आणि इंजिन रेनॉचे, 1149 घनसेंटिमीटरचे. फारशी खपली नाही. कॅनव्हासच्या टपाची जीप मात्र मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे, आणि आमची चूक झाली ती जिपेवरूनच.

संध्याकाळी त्या मुलाचे वडील भेटायला आले. त्यांच्याकडे दोन डिझेल गाड्या होत्या. जुनी जीप लीटरला 8 किलोमीटर देई, भाड्याने फिरणारी मोटार 18. दोन्ही वर्षाला साधारण 12,000 किलोमीटर चालत. कर्ज काढून एकच गाडी बदलता येणार होती. जीप बदलली तर 10 देणारी मिळत होती, मोटार बदलली तर 24 देणारी. कोणती बदलावी? आम्ही क्षणाचाही विचार न करता मोटार म्हणालो. एकीकडे दोनची वाढ, दुसरीकडे सहाची! टक्क्यांनी पाहिले तरी 25 विरुद्ध 33.

नांदेडकडे परतताना एस.टी.च्या तिकिटामागे आकडे मांडले आणि घाम फुटला. मोटारीला वर्षाला 667 लीटर लागत होते, ते 500 झाले असते. बचत 167 लीटर. जिपेला 1500 लागत होते, ते 1200 झाले असते. बचत 300 लीटर. डॉक्टरेट मिरवणाऱ्या माणसाने एका बापाला जवळजवळ निम्म्या बचतीकडे ढकलले होते. दुसऱ्या दिवशी हिशेबासह पत्र टाकले.

ही चूक आमची एकट्याची नाही, एवढेच समाधान. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले लॅरिक आणि सोल यांनी 2008 साली ‘सायन्स’मध्ये याच भ्रमावर लेख लिहिला. दोष मोजपट्टीत आहे. आपण खिशातून लीटरचे पैसे देतो, आणि लीटर मात्र आपल्या आकड्यात छेदस्थानी असतात. युरोपात 100 किलोमीटरला किती लीटर, असे लिहितात. तसे लिहिले की जीप 12.5 वरून 10 वर येते, मोटार 5.6 वरून 4.2 वर, आणि उत्तर शेंबड्या पोरालाही दिसते. अमेरिकेतही 2013 च्या मॉडेलपासून गाडीवरच्या चिठ्ठीत दर 100 मैलांना किती गॅलन हा आकडा आला.

‘ॲव्हरेज’ हा शब्दही तपासावा असा आहे. जाताना लीटरला 20 आणि तेवढ्याच अंतराच्या परतीत 10 पडले, तर सरासरी 15 नव्हे, 13.3 येते. हरात्मक मध्य शिकवायला याहून सोपे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

राहता राहिली ती लाल गाडी. हौसेची गाडी वर्षाला 3000 किलोमीटर फिरेल. लीटरला 12 मिळाले आणि पेट्रोल 100 रुपये धरले, तर इंधनाचे 25,000. घसारा, विमा आणि देखभाल मिळून सव्वा लाख धरा. किलोमीटरला 50 रुपये पडले. त्यांत इंधनाचे 8 रुपये 33 पैसे. ॲव्हरेज 15 वर गेले तरी वर्षाला 5,000 वाचतील. म्हणजे परीक्षणकर्त्याने इंधनाला एकच ओळ दिली हे एका परीने बरोबरच होते. घसाऱ्याला ती एकही दिली नाही, ही खरी उणीव.

मुलाच्या वडिलांनी जीप बदलली. पत्राच्या उत्तरात मुलाने खाली पेन्सिलीने लिहिले होते: “टप अर्धं उघडलं तर?”