‘कॅसाब्लांका’तील ‘श्री. व सौ.’

‘कॅसाब्लांका’ (१९४२) या चित्रपटाविषयी लिहिताना समीक्षक बहुधा रिकच्या त्यागापाशी थांबतात. आम्हांला त्यातील दांपत्य अधिक विचारात पाडते. व्हिक्टर लाझलो चेक, पत्नी इल्सा नॉर्वेची. दोघांचेही देश जर्मनांच्या टाचेखाली. अमेरिकेस जावयाचे, तर शहर सोडण्याचा परवाना हवा. तो इल्साला कदाचित मिळेल, लाझलोला नाही, असे कळते. ती एकटी जावयास नकार देते. मार्सेयमध्ये आपण आजारी असताना तुम्ही मला सोडून का गेला नाहीत, असे पतीलाच विचारते. विवाहाचे दाखले लिहिण्यात अर्धे आयुष्य गेलेल्या आम्हांला हा प्रसंग विमानतळावरील ताटातुटीहून मोठा वाटतो.

कोणी हरकतच घेऊ नये असली प्रवासपत्रे ही मूळ नाटकाच्या लेखकांची कल्पना. खऱ्या निर्वासितांच्या नशिबी ती नव्हती. त्या कोऱ्या पत्रांवर रिक, इल्साचा पूर्वीचा प्रियकर, अखेर ‘श्री. व सौ. लाझलो’ अशी नावे भरावयास सांगतो. जो विवाह तिच्या सुरक्षिततेसाठी जिवलग मित्रांपासूनही लपविला होता, तोच आता कागदावर उमटून तिला वाचवितो! दोघांचा निर्णय तूच घे, असे तिने रिकला सांगितले होते खरे. तरीही नावे लिहिण्यापूर्वी तिला कोणी विचारीत नाही, हे आम्हांला खटकते.