‘अग्निप्रवचन’ आणि प्रथमावृत्तीची पारख

टी. एस. एलियट यांच्या ‘द वेस्ट लँड’ या दीर्घकाव्याच्या तिसऱ्या विभागाचे शीर्षक ‘द फायर सर्मन’ असे आहे. भगवान बुद्धांनी गयासीस येथे एक सहस्र भिक्खूंना उपदेशिलेल्या आदित्तपरियाय सुत्ताशी या विभागाचे असलेले नाते कवीनेच टिपांत नोंदविले असून, त्यासाठी हेन्री क्लार्क वॉरन यांच्या १८९६ सालच्या पाली वेच्यांच्या भाषांतराचा निर्देश केला आहे. याच वॉरन यांचे अपुरे राहिलेले विसुद्धिमग्गाचे संपादन पुढे आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी पूर्णत्वास नेले. म्हणून ही टीप प्रथम कोठे छापली गेली, हा प्रश्न केवळ ग्रंथसंग्राहकांचा नसून बौद्ध विद्येच्या अभ्यासकांचाही आहे, असे आम्ही मानतो.

लिओनार्ड व व्हर्जिनिया वुल्फ यांच्या होगार्थ प्रेसची १९२३ ची प्रत हाती येताच हीच प्रथमावृत्ती, असा समज सहज होतो. तिचे खिळे स्वतः व्हर्जिनिया वुल्फ यांनी जुळविले आणि सुमारे ४६० प्रतीच निघाल्या. तथापि हा समज तपासणीत टिकत नाही. हे काव्य ऑक्टोबर १९२२ मध्ये ‘क्रायटेरियन’ व पाठोपाठ ‘डायल’ या नियतकालिकांत टिपांविना आले. टिपा प्रथम अवतरल्या त्या न्यूयॉर्कच्या बोनी अँड लिव्हराइट यांनी डिसेंबर १९२२ मध्ये काढलेल्या पुस्तकात. होगार्थची प्रत ही इंग्लंडमधील पहिली ग्रंथरूप आवृत्ती होय. तिला निव्वळ ‘पहिली’ म्हणणे सदोष आहे.

तिची ओळख कशी पटवावी? मुखपृष्ठावर १९२३ हे साल व रिचमंडच्या होगार्थ हाउसचा पत्ता हवा. १९२४ मध्ये संस्था लंडनच्या टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये गेली. वेष्टनावरील नावाची चिठ्ठी तीन प्रकारची आढळते : तारकाचिन्हांची चौकट असलेली, नावाच्या वर-खाली रेघ असलेली आणि रेघांविना. सर्वांत बोलका पुरावा मात्र मुद्रणदोषाचा. लंडन ब्रिजवरून लोटणारी गर्दी येथे पुलाखालून जाते! काही प्रतींत कवीने ही चूक स्वहस्ते दुरुस्त केली आहे. केवळ प्रकाशकाच्या नावावर मात्र विसंबू नये. त्याच संस्थेची ‘जेकब्ज रूम’ (१९२२) ही कादंबरी एडिंबरोच्या आर. अँड आर. क्लार्क या छापखान्यात छापली गेली होती.

हस्तमुद्रणाचे सौंदर्य आम्हांस मान्य आहे; परंतु सौंदर्य म्हणजे पाठाचे प्रामाण्य नव्हे. सिंहली, ब्रह्मी व सयामी पाठ ताडून पाहणाऱ्या पालीच्या अभ्यासकास हे नव्याने सांगावयास नको. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेशांची शिकवण हीच आहे : सांगणारा कितीही थोर असो, वचन सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे आणि मगच स्वीकारावे. ग्रंथाच्या प्रतीसही हाच न्याय लावणे उचित होय.