शेजारधर्म आणि श्रद्धा

धर्मनिरपेक्ष समाजात ख्रिस्ती माणसाने श्रद्धेशी प्रामाणिक राहून कसे जगावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा एकाच मापाने होते : किती मिसळायचे आणि किती वेगळे राहायचे? मराठी ख्रिस्ती साहित्यातली दोन उदाहरणे पाहिली, की हे माप अपुरे वाटू लागते.

पहिले उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे (१९३४-३६). कवी नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, नवऱ्याकडे परतल्यावरही सोवळे पाळत राहिल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. या आत्मकथेत धर्मांतराचा विजयघोष नाही, सोडून आलेल्या घराबद्दल कडवटपणाही नाही. वडिलांचे सोवळ्याचे वेड ज्या विनोदाने त्या सांगतात, त्याच विनोदाने नवऱ्याचा विक्षिप्तपणा आणि स्वतःची फजितीही सांगतात. महत्त्वाचे म्हणजे, जातिभेद त्यांच्या मनातून बाप्तिस्म्याच्या आधीच गळून पडतो. श्रद्धेची पहिली खूण त्यांच्या स्वयंपाकघरात दिसते, चर्चमध्ये नंतर. म्हणूनच ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकालाही हे पुस्तक परके वाटले नाही.

दुसरे उदाहरण वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते. ‘सुबोध बायबल’मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्मग्रंथ आजच्या मराठीत आणला. त्याच लेखणीने त्यांनी वसईचा हिरवा पट्टा, विहिरींचे पाणी आणि बांधकाम व्यवसायातली दहशत यांविषयी लिहिले. हरित वसईच्या चळवळीत ते रस्त्यावर उतरले. खारी होत चाललेली विहीर कोणत्या धर्माच्या वाडीत आहे, हा प्रश्न तिथे गैरलागू होता. त्यांचे ललित लेखन काही ठिकाणी प्रवचनाकडे झुकते, हे मान्य करायला हवे. लक्ष्मीबाईंचे स्वतःवर हसणे त्यांना क्वचितच साधते. पण आपल्या वेदीवरचा शब्द शेजाऱ्याच्या अंगणात उपयोगी पडला पाहिजे, हा आग्रह दोघांचाही आहे.

या आग्रहाची किंमत दिब्रिटोंना मोजावी लागली. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. ग्रंथांची चर्चा बाजूला पडली आणि अंगावरचा झगा चर्चेत आला. झगा उतरवून ये, मग तू आमचा, असे म्हणणारा समाज स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हणवू शकत नाही. दिब्रिटोंनी झगाही लपवला नाही आणि मराठीवरचा हक्कही सोडला नाही.

तेव्हा मिसळणे की वेगळे राहणे, ही निवड मुळातच फसवी आहे. येशूने सांगितलेल्या दृष्टान्तात जखमी प्रवाशाचा शेजारी ठरला तो परका शोमरोनी. मराठीत यासाठी ‘शेजारधर्म’ असा घरगुती शब्द आहे. शेजाऱ्याला आपल्यासारखे करण्याची अट या शब्दात नाही, आणि शेजाऱ्यासारखे होण्याचीही नाही. लक्ष्मीबाई आणि दिब्रिटो यांनी तो गद्यात जगून दाखवला. त्यांना ‘ख्रिस्ती साहित्य’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवून वाचणे, हे मात्र आपल्याच शेजारधर्माचे अपयश आहे.