जावाचा जीर्णोद्धार

नेरूळला राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट जन्मभर सांगत बसावी लागते, की माथेरानला जाताना लागतं ते नेरळ, आम्ही नेरूळचे. मला आणखी एक सांगावी लागते. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळलेली जी वस्तू आहे ती भंगार नाही, मोटारसायकल आहे.

गेल्या दिवाळीनंतर सोसायटीची नोटीस लागली : ‘बेवारस वाहने पंधरा दिवसांत हलवावीत.’ बेवारस! वारस म्हणजे मी, दुसऱ्या मजल्यावर चहा पीत बसलो होतो. सेक्रेटरींना जाऊन भेटलो. ते म्हणाले, “काका, एक तर ती चालवा, नाही तर विका. अशी मध्येच ठेवू नका.” आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी मध्येच ठेवल्या आहेत, पण कुणी इतक्या स्पष्टपणे तोंडावर सांगितलं नव्हतं.

तर ही आमची जावा. १९७० सालची, अडीचशे सी.सी.ची. चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीच्या परवान्याने म्हैसूरला इराणी मंडळींच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यात साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून या गाड्या निघू लागल्या. पुढे त्याच कारखान्यातून त्या ‘येझदी’ नावाने आल्या आणि १९९६ साली कारखानाच बंद पडला. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, असा थाट. किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. ज्याला लाथ मारून गाडी सुरू करायची, त्यालाच मग हळुवार पायाने गोंजारून गिअर टाकायचा. संसारात याचा सराव होतोच. किल्ली म्हणजे खिळ्यासारखी एक काडी, आणि ती हरवली तर खऱ्या खिळ्यावरही काम भागवणारी माणसं होती. आमचे अण्णा त्यांतलेच.

अण्णा ठाण्याहून ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात याच गाडीवरून जात. पुढे नेरूळला सिडकोचं घर लागलं. तेव्हा इथे रेल्वे नव्हती; ती १९९३ साली आली. तोवर बस आणि जावा. मी टाकीवर, आई मागे तिरकी बसलेली आणि आईच्या मांडीवर भाजीची पिशवी, असे आम्ही जात असू. अण्णा गेल्याला अकरा वर्षं झाली. गाडी त्याच्याही आधी थांबली होती.

‘दुरुस्त करतो’ असं मी घरात जाहीर केलं आणि पहिलाच प्रश्न आला, ‘कितपत?’ या ‘कितपत’वर मराठीत एखादा ग्रंथ असायला हवा होता. नसल्यामुळे मी लोकांनी केलेली कामं पाहायला निघालो. पूर्वी आमच्या ऑफिसच्या गृहपत्रिकेत मी नाटकांची परीक्षणं लिहीत असे. त्यामुळे कुठलीही तयार वस्तू पाहिली की हिचा पहिला अंक बरा, तिसरा पडला, असं काही तरी मनात येतंच.

पहिला प्रयोग पाहिला सीवूड्सच्या बाजूला, एका गृहस्थांच्या दिवाणखान्यात. हो, दिवाणखान्यातच. लिफ्टमधून गाडी वर आणून गालिच्यावर उभी केली होती. तिच्या अंगावर जिथे जिथे क्रोमचा मुलामा देता येईल तिथे दिलेला, आणि कंपनीने जिथे कधी दिला नव्हता तिथेही दिलेला. इंजिनाच्या झाकणात पाहून दाढी करावी. स्पोकांची एकेक तार चकचकीत. मी म्हटलं, “वा! सुरू करून दाखवा की.” गृहस्थ दचकले. “सुरू? अहो, सायलेन्सरची नळी तापली की क्रोम निळा पडतो!” हे खरं आहे, पडतो. पण मेकअप उतरेल म्हणून ज्या नटीने रंगमंचावर यायचंच नाही, तिच्याबद्दल परीक्षकाने लिहावं काय? नेपथ्य उत्तम, एवढंच. शिवाय चहा फार चांगला होता.

दुसरे गृहस्थ शुद्धतावादी. बोल्टाच्या डोक्यावरची खूणसुद्धा त्या काळातली हवी, यासाठी कुर्ल्याच्या भंगारबाजारापासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत चपला झिजवणारे. माझ्यापाशी त्यांचा माणूस म्हणून सन्मान आहे. पण ते आमची जावा पाहायला आले, ताडपत्रीचं एक टोक उचललं आणि मयताच्या घरी बोलतात तशा आवाजात म्हणाले, “सीट नंतरची आहे.” पुढे अर्धा तास ते नंतरच्या वस्तू मोजत होते. अण्णांनी पंचवीस-तीस वर्षांत केलेली प्रत्येक दुरुस्ती त्यांच्या लेखी प्रक्षिप्त. ज्ञानेश्वरीतले पाठभेद तपासणाऱ्या पंडिताची ही जात आहे, आणि ती असावीच. मूळ काय होतं हे सांगणारा माणूस नसेल तर सगळाच सावळागोंधळ. फक्त त्यांच्या गाडीला कधी कुणी मालक होता, असं वाटत नाही. म्हैसूरच्या फाटकातून निघाली ती थेट यांच्या चादरीखाली.

तिसरा एक तरुण. त्याचं म्हणणं, काहीच करायचं नाही. गंज, पोपडे, पोचे सगळं तसंच ठेवायचं आणि वरून पारदर्शक लाखेचा हात मारायचा. “काका, ही स्टोरी आहे!” त्याच्या गाडीचं पुढचं मडगार्ड मात्र नवं आणलेलं होतं आणि ते बाकीच्याशी जुळावं म्हणून त्याने मिठाच्या पाण्याने गंजवलं होतं. नेरूळमध्ये! अरे, इथे खाडीच्या वाऱ्यात खिडकीचं ग्रिल एका पावसाळ्यात जुनं होतं. मडगार्ड नुसतं गॅलरीत ठेवलं असतं तरी स्टोरी तयार झाली असती. तरीही कबूल करतो, तिघांत मला हाच पटला. मी घरी येऊन म्हटलं, काही करायचं नाही. अण्णांचा हात लागलेली गाडी आहे, तशीच राहू दे. विशेषतः टाकीच्या डाव्या बाजूचा तो पोचा. त्या पोच्याला मी लहानपणी मांडी टेकवून बसत असे.

यातली मोठी गंमत म्हणजे सरकारलाही हा ‘कितपत’चा प्रश्न पडलेला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या दुचाकी-चारचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येईल. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी पुन्हा पाच हजार. आणि एकदा व्हिंटेज झाली की रोजच्या वापराला बंद. प्रदर्शनाला न्या, जुन्या गाड्यांच्या रॅलीला न्या, पेट्रोल भरायला आणि मेस्त्रीकडे न्या. म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांसारखंच : समारंभाला पुढे बसवायचं आणि दवाखान्यात न्यायचं. मला गाडीवरून भाजी आणायची होती. तेव्हा व्हिंटेजचा मोह सोडला आणि साध्या फेरनोंदणीचे कागद शोधायला लागलो.

चालवायची ठरल्यावर मेस्त्री आले. तुर्भ्याचे. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि पहिलाच सवाल टाकला, “सहा व्होल्ट ठेवायचं की बारा करायचं?” जावाची मूळ वीज सहा व्होल्टची. त्या दिव्याच्या उजेडात समोरच्याला आपण दिसत नाही आणि आपल्याला तर कुणीच दिसत नाही. अण्णांच्या काळी ठाणे-बेलापूर रस्त्यावर रात्री काळोखच असायचा, त्यात तो दिवा निदान काजव्याएवढा तरी उठून दिसे. आज पाम बीच रोडवर रात्री गाड्या ज्या वेगाने येतात, त्यात सहा व्होल्टवर अस्सलपणा जपणं म्हणजे पंचवीस रुपयांचं कुंकू वाचवण्यासाठी नवरा पणाला लावणं. तिथे माझं मत पक्कं झालं : दिव्याचं घर जुनं, वीज नवी. शुद्धतावाद्यांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वायरिंग बाहेरून दिसणार नाही ना?” त्यांनाही दया आली असावी.

दुसरा प्रश्न रबराचा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं नि चिरतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेत असल्यामुळे टाकी आतून गंजते. म्हणजे पेट्रोलची नळी, कार्बोरेटरमधली वायसरं, इंजिनाचे ऑइलसील सगळं नवं. ‘अण्णांचा हात लागलेलं’ असं म्हणायला आता उरत काय होतं? पिस्टन नवा, रिंगा नव्या, टायर तर नवेच. मेस्त्री सहज म्हणाले, “काका, नंबर प्लेट तेवढी जुनी.”

तेव्हा मी हिशेब टाकीवर आणून ठेवला. म्हटलं, बाकी काहीही करा. टाकीला हात लावायचा नाही. तो पोचा आणि तो उडालेला मरून रंग तसाच राहील. हे मी वर जाऊन आईलाही सांगितलं. तिला बरं वाटेल अशी अपेक्षा होती.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “का?”

“अगं, अण्णांची आठवण.”

“कसली आठवण? त्या पोच्याची ह्यांना केवढी लाज वाटायची. फॅक्टरीत साहेबांच्या गाड्यांशेजारी लावायला नको म्हणून हे पार भिंतीपाशी डावी बाजू करून लावायचे. दर दिवाळीला म्हणायचे, बोनस आला की पत्रा ठोकून घेतो. एक वर्षी तुझी कॉलेजची फी, एक वर्षी माझं ऑपरेशन. राहूनच गेलं.”

मी गप्प. परीक्षकाने पहिल्या अंकावरून नाटकाचा आशय सांगून टाकावा आणि तिसऱ्या अंकात भलतंच निघावं, तसं झालं. मी ज्याला इतिहास म्हणत होतो ते एक राहून गेलेलं काम होतं. आपल्या आधीच्या पिढीला पैशाअभावी जे जमलं नाही, त्यावर आपण लाख मारून ‘स्टोरी’ म्हणायचं! शिवाय आमची ही इमारत पाडून नवी बांधायचा ठराव सोसायटीत एकमताने झाला आहे. माझाही हात वर होता. भिंतींचे पोपडे, गळका सज्जा, अण्णांनी बसवलेली मोरीची फरशी यांपैकी कशासाठीही तेव्हा मला गहिवरून आलं नव्हतं. तिथे राहायचं होतं ना.

तेवढ्यात आठवलं ते पंढरपूर. २०२४ साली विठ्ठलाच्या गाभाऱ्यात नंतर कधी बसवलेल्या गुळगुळीत फरशा काढून आतला जुना दगड मोकळा केला. त्यासाठी अडीच महिने पायांवर डोकं ठेवायचं दर्शन बंद होतं. त्या फरशा ज्यांनी बसवल्या त्यांचीही भक्तीच होती. पण काढल्यावर दगड पाहून बरं वाटलं, हेही खरं. म्हणजे वरचा थर नेहमीच पवित्र नसतो. हे मी आईला ऐकवलं. ती म्हणाली, “विठोबाचं ठीक आहे. तू आधी पोचा काढ.”

“पण तुला गाडी आवडायची ना?”

“मला? तिरकं बसून कंबर धरायची माझी. ह्यांनाही कुठे हवी होती. शहात्तर साली ह्यांनी बजाजची स्कूटर बुक केली होती. आठ वर्षांनी नंबर लागला, तेव्हा इथल्या घराचे हप्ते सुरू झालेले. पैसे कुठून आणायचे? म्हणून मग ही राहिली.”

त्या काळी बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागे, हे मला ठाऊक होतं. त्या रांगेत आमचे अण्णाही उभे होते, हे ठाऊक नव्हतं. सिडकोचे हप्ते नसते तर आज जिन्याखाली जावा नसतीच. पन्नास वर्षं निष्ठेने सांभाळलेला वारसा म्हणून मी जिच्याबद्दल ओळखीपाळखीत सांगत होतो, ती परवडत नाही म्हणून टिकलेली होती.

मग काम भराभर झालं. पत्रा ठोकला. टाकीला मूळचा मरून रंग, दोन्ही बाजूंना मुळात होतं तेवढंच क्रोम. सोनेरी रेषा मारायला जुईनगरचा एक पाट्या रंगवणारा आला. त्याने श्वास रोखून ब्रश ओढला तेव्हा मीही रोखला. एक रेघ किंचित जाड आली आहे. ती ठेवली. मीटरचा काटा अडलेला होता, तो सोडवला, पण आकडे शून्यावर आणू दिले नाहीत. ‘नंतरची’ सीटही ठेवली, आत नवा स्पंज घालून. गाडीचं वय आता नक्की किती म्हणायचं, हे त्या तिन्ही गृहस्थांना विचारण्यात अर्थ नाही. तिघे तीन वर्षं सांगतील.

पाडव्याला गाडी सुरू केली. चौथ्या किकला. दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर निघाला, सेक्रेटरी खोकत खोकत हार घेऊन आले. आईला खुर्चीत बसवून खाली आणलं होतं. तिने टाकीच्या डाव्या बाजूवरून सावकाश हात फिरवला, पुन्हा उलटा फिरवला.

“सापडत नाहीये,” ती म्हणाली. “छान झालंय.”

मी छाती फुगवून उभा होतो.

“आता हिला गिऱ्हाईक चांगलं येईल,” आई म्हणाली, “विकून टाक आणि एक स्कूटर घे. बुकिंगची पावती आहे माझ्या ट्रंकेत.”