स्वयंमूल्यमापनाला गुण कशाला?

निबंधाची वही परत मिळाली की विद्यार्थी आधी लाल शाईतला आकडा पाहतो. आकड्याखाली शिक्षकांनी दोन ओळी लिहिल्या असतील तर त्या बहुधा न वाचताच वही मिटते. आपले लेखन कसे झाले हे ठरवणे आपले काम नव्हे, ते सरांचे, ही त्याची पक्की समजूत असते. ही समजूत मोडण्यासाठी स्वयंमूल्यमापन आले. ते कागदावर आले, पण भाषेच्या वर्गात रुजले नाही. असे का झाले?

महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले. आकारिक मूल्यमापनाची आठ साधने सांगितली गेली. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि शेवटी ‘इतर’. स्वयंमूल्यमापनाची जागा या ‘इतर’मध्ये! शिवाय अ-१ ते इ-२ या श्रेणी काढायच्या त्या गुणांची बेरीज करूनच. ९१ पासून पुढे अ-१, ८१ ते ९० ला अ-२. आकड्याने फक्त अंगरखा बदलला.

नववी-दहावीत तर सगळे बोर्डाच्या गुणांभोवती फिरते. नव्या अभ्यासक्रमाबरोबर कृतिपत्रिका आली, तिच्यात ‘स्वमत’ आणि ‘रसग्रहण’ आले. रसग्रहणासाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य असे निकषही मिळाले. पण मार्गदर्शकातले तयार ‘स्वमत’ पाठ करता येते आणि त्याला गुणही मिळतात. मग स्वतःचे मत तपासून पाहण्याची गरज कोणाला?

गुणांचे ओझे पडले की मूल्यमापनाचे काय होते, हे दहावीच्या निकालांत दिसते. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषांचे अंतर्गत २० गुण काढून टाकले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. गुण परत दिल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० टक्के झाला. अभ्यासक्रमही त्याच सुमारास बदलला होता, म्हणून सगळा फरक या २० गुणांचाच असे म्हणता येणार नाही. तरी शाळेच्या हातचे गुण सढळपणे दिले जातात, हे आपण सारेच जाणतो. शिक्षकाला जो मोह आवरत नाही, तो चौदा वर्षांच्या मुलाने आवरावा ही अपेक्षा रास्त नाही. स्वतःला दहापैकी गुण द्यायला सांगितले तर धीट मूल नऊ देईल, बुजरे मूल पाच देईल. दोघांच्याही लेखनाबद्दल त्यातून काहीच कळणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मग शिक्षकानेच तपासावे, तो तरी तटस्थ असतो. १९१२ मध्ये स्टार्च आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी माध्यमिक शाळेतली इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली. तिला ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. साहित्याच्या वर्गात मोजपट्टी शिक्षकाच्या हातातही सरळ नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कच्च्या विद्यार्थ्याला आपला कच्चेपणा कळत नाही. क्रूगर आणि डनिंग यांच्या १९९९ च्या प्रयोगांत सर्वांत खालच्या गटाची खरी जागा शंभरात सुमारे बारावी होती, पण त्यांना ती बासष्टावी वाटत होती. मात्र त्याच अभ्यासात तर्काचे थोडे प्रशिक्षण दिल्यावर त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज सुधारला. म्हणजे चांगले काय हे ओळखता येत नाही तोवर स्वतःला तपासता येत नाही. ती ओळख शिकवावी लागते.

ती कशी शिकवायची? जालना जिल्ह्यातल्या राजूरचा एखादा नववीचा वर्ग डोळ्यांसमोर आणू. निबंधाचा विषय अंगारकी चतुर्थी. रात्रभर पायी येणारे भाविक, टेकडीवरचे गणपतीचे देऊळ, दर्शनाची रांग हे सारे मुलांनी पाहिलेले असते. तरी अनेक निबंध ‘आपला देश सणांचा देश आहे’ इथूनच सुरू होतील. अशा वेळी जुन्या वह्यांतले तीन निबंध नावे झाकून वाचून दाखवावेत. कोणता आवडला आणि का, हे मुलांना विचारावे. ‘हे कुठल्याही जत्रेला चालेल’, ‘इथे आपलेच गाव दिसते’ अशी उत्तरे आली की तेच निकष म्हणून फळ्यावर लिहावेत, मुलांच्याच शब्दांत. मग प्रत्येकाने आपल्या निबंधातले सर्वांत जमलेले एक वाक्य अधोरेखित करावे, न जमलेला एक परिच्छेद निवडावा आणि तो पुन्हा लिहावा. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाने पहिल्या फेरीत एवढेच वाचले तरी चालेल. मुलाची निवड योग्य होती का, यावर एक ओळ लिहावी. आकडा लिहू नये.

आकडा टाळण्यामागे कारण आहे. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात काही मुलांना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, तर काहींना दोन्ही. फायदा झाला तो फक्त शेरे मिळालेल्यांना. शेऱ्याशेजारी गुण बसले की शेऱ्याचा उपयोग संपला.

प्रगतिपुस्तकासाठी गुण द्यावेच लागतात. ते शिक्षकाने शेवटी, आपल्या जबाबदारीवर द्यावेत. स्वयंमूल्यमापन त्या बेरजेत धरू नये. ज्या दिवशी मूल आपणहून म्हणेल, “सर, हा परिच्छेद जमला नाही, पुन्हा लिहू का?”, त्या दिवशी ते ‘इतर’च्या रकान्यातून बाहेर आले असे समजावे.