संख्येच्या पलीकडे : डंखहीन मधमाश्यांच्या गुणसूत्र-संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

गुणसूत्रांची संख्या ही जातीची स्थिर ओळख होय, असे प्राणिशास्त्राच्या अध्यापनात सांगितले जाते. डंखहीन मधमाश्यांवर मुख्यतः ब्राझीलमध्ये झालेले संशोधन या समजुतीची कसोटी पाहणारे आहे. मेलिपोनिनी या गटात माद्या द्विगुणित असतात. नर अफलित अंड्यांतून जन्मतात, म्हणून ते सामान्यतः एकगुणित असतात. एकगुणित संख्या ल्यूरोट्रायगोना म्युलेरी या जातीत ८, मेलिपोना वंशात बहुधा ९, तर ट्रायगोना, प्लेबिया व पार्टामोना या वंशांत बहुधा १७ आढळते. या तफावतीची जी स्पष्टीकरणे दिली गेली, त्यांतील गृहीतकांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दोन उपपत्ती, एक गृहीतक

वॉरविक केर व सिल्व्हेरा यांनी १९७२ मध्ये मधमाश्यांच्या गुणसूत्र-उत्क्रांतीचा आढावा घेतला. ८-९ आणि १७-१८ अशा दोन समूहांतील अंतर जवळजवळ दुपटीचे असल्याने बहुगुणितता हे त्यामागील कारण मानले गेले. पुढे इमाई व सहकाऱ्यांचा, मुंग्यांच्या अभ्यासातून आलेला, न्यूनतम आंतरक्रियेचा सिद्धान्त या गटाला लावण्यात आला. मोठी गुणसूत्रे दुभंगून संख्या वाढते आणि तुटलेल्या टोकांवर हेटरोक्रोमॅटिन साचते, असे हा सिद्धान्त मानतो. एक भुजा हेटरोक्रोमॅटिनने व्यापलेली गुणसूत्रे अनेक जातींत दिसल्यामुळे त्याला मोठा आधार मिळाला.

दोन्ही उपपत्ती परस्परविरोधी भासतात. तथापि कमी संख्या आद्य व अधिक संख्या उत्तरकालीन, हे दोन्हींनी गृहीत धरले. ट्रॅव्हेन्झोली व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जनुकीय वंशवृक्षावर या संख्या मांडल्या, तेव्हा मूळ एकगुणित संख्या १८ असल्याचे अनुमान निघाले. म्हणजे मेलिपोनातील ९ ही संख्या प्राचीनतेची खूण नसून घटीचे फलित ठरते. हे अनुमानही निवडलेल्या जातींवर व प्रतिमानावर अवलंबून आहे, हे खरे. परंतु उत्क्रांतीची दिशा केवळ मोजणीवरून ठरवता येत नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

संख्या तीच, द्रव्य वेगळे

मेलिपोना वंशाचे उदाहरण येथे अधिक बोलके आहे. रोशा व पोम्पोलो यांनी १९९८ मध्ये हेटरोक्रोमॅटिनच्या प्रमाणावरून या वंशाचे दोन गट पाडले. मेलिपोना क्वाड्रिफॅसिआटा व मेलिपोना बायकलर यांत हे प्रमाण अल्प, तर मेलिपोना रुफिव्हेंट्रिस व मेलिपोना कॅपिक्साबा यांत ते विपुल आहे. चारही जातींची द्विगुणित संख्या मात्र १८ आहे. उलट मेलिपोना सेमिनिग्रामध्ये ती २२ आहे. समान संख्या ही समान रचनेची ग्वाही नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

‘अतिरिक्त’ या विशेषणाची मर्यादा

पार्टामोना वंशातील बी गुणसूत्रांचा प्रथम उल्लेख १९९२ मध्ये कोस्टा, पोम्पोलो व कांपोस यांनी केला. पार्टामोना हेलेरीच्या काही माश्यांत ही गुणसूत्रे मुळीच नसतात, तर काहींत एकाहून अधिक असतात. त्यांच्याशी निगडित डीएनए-खूण २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे ती वंशातील अन्य जातींतही मिळाली. म्हणून ही गुणसूत्रे म्हणजे एकाच जातीतील आकस्मिक विकृती, असे म्हणणे कठीण होते.

‘अतिरिक्त’ हा शब्द अनावश्यकता सुचवितो, आणि तेथेच विचार थांबण्याचा धोका असतो. एकगुणित नराच्या शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रसंख्या निम्मी होत नाही. त्यामुळे नरातील बी गुणसूत्र जवळजवळ सर्व शुक्रपेशींत पोचू शकते. नासोनिया या परजीवी गांधीलमाशीत तर असेच एक गुणसूत्र पित्याची उर्वरित गुणसूत्रे नष्ट करून मादी होणाऱ्या अंड्यांतून नर घडविते. डंखहीन मधमाश्यांत असेच घडते, असा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही. परंतु ‘निरुपयोगी’ हा शिक्काही पुराव्याविना मारता येणार नाही.

निष्कर्ष

गुणसूत्रसंख्या हा प्रश्नाचा आरंभ आहे, उत्तर नव्हे. पदवी वर्गात या संख्यांची तक्ते-पाठांतरे करून घेण्याऐवजी हेटरोक्रोमॅटिनचे वितरण, डीएनएचे प्रमाण आणि वंशवृक्ष यांच्याशी त्यांची सांगड घालणे इष्ट ठरेल. अर्धशतकाचा हा वाद विद्यार्थ्यांपुढे त्यातील गृहीतकांसह ठेवला, तर आकडा आणि पुरावा यांतील भेद त्यांना स्वतः पारखता येईल.