ख्रिस्टी ब्राउन : जिद्दीच्या कहाणीपलीकडचा लेखक

डब्लिन येथे १९३२ साली जन्मलेल्या ख्रिस्टी ब्राउन यांना सेरेब्रल पाल्सी होती. केवळ डाव्या पायाच्या बोटांनी त्यांनी चित्रे काढली व लेखन केले. 'माय लेफ्ट फूट' (१९५४) या आत्मकथनाची कीर्ती १९८९ च्या चित्रपटाने जगभर पोहोचविली; परिणामी ब्राउन हे प्रामुख्याने जिद्दीचे प्रतीक ठरले. वस्तुतः 'डाउन ऑल द डेज' (१९७०) या कादंबरीच्या केंद्रस्थानी अपंगत्व नसून श्रमिक कुटुंबाचे दारिद्र्य, बापाची दहशत व आईची सोशिकता आहे. तेथील अपंग मुलगा दयेचा विषय नाही, तो या जीवनाचा साक्षीदार आहे. लेखक कशाने लिहितो यापेक्षा काय लिहितो, हा समीक्षेचा प्रश्न असावयास हवा. केवळ सहानुभूतीपोटी केलेला गौरव हाही उपेक्षेचाच एक प्रकार होय.